वॉर्डातील शंकेपासून शोधता येणाऱ्या प्रश्नापर्यंत : नर्सिंगच्या नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

मिरजेतील एका रुग्णालयाच्या स्त्री मेडिकल वॉर्डात, सकाळच्या पाळीत, जत तालुक्यातून आलेली तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, आजींची इंट्राकॅथ आज काढली. हात तर चांगला होता, लाली नाही, सूज नाही. आता दुसरी शीर सापडंना झालीय.” इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी, का काढली याचे वॉर्डातील उत्तर “तीन दिवस झाले” एवढेच होते, आणि मीही “नियम आहे” असे सांगून पुढच्या खाटेकडे गेले. आजींना त्या सकाळी चौथ्या टोचणीला शीर मिळाली. संध्याकाळी गृहपाठाच्या वह्या तपासताना त्याच मुलीने लिहिलेला ‘क्लिनिकल प्रश्न’ माझ्या हाती आला : “मधुमेह म्हणजे काय?” खरा प्रश्न तिने वॉर्डात तोंडाने विचारला होता आणि वहीत मात्र पुस्तकातला उतरवला होता. त्याआधी सलग दोन तास मी त्या वर्गाला संगणक कक्षात पबमेड हा वैद्यकीय शोधनिबंधांचा ऑनलाइन डेटाबेस दाखवला होता. शोधायचे कसे हे मी शिकवले होते, विचारायचे काय हे शिकवले नव्हते.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील नर्सिंग महाविद्यालयांत नव्याने रुजू झालेल्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि ट्यूटर यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी. एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात माहिती-तंत्रज्ञान आणि संशोधन हे दोन्ही विषय आहेत, त्यामुळे हे काम आपल्याकडे येणारच आहे. जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या वर्गालाही हीच पद्धत चालते. फक्त पाचवी पायरी शिक्षकाने स्वतः सोबत बसून करून घ्यावी लागते.

सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवे

प्रत्येक विद्यार्थिनीकडे गणवेशाच्या खिशात मावेल अशी छोटी वही हवी. अनेक वॉर्डांत विद्यार्थ्यांना मोबाइल वापरण्याची मनाई असते आणि ती योग्यच आहे, म्हणून प्रश्न आधी कागदावर उतरला पाहिजे. सर्व गटाने मिळून भरायची एक गुगल शीट, एनसीबीआयचे (पबमेड चालवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे) विनामूल्य खाते आणि महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडून मिळालेली ई-नियतकालिकांची यादी, एवढे डिजिटल साहित्य पुरते. पबमेड पूर्णपणे विनामूल्य आहे, उपचारांवरील अभ्यासांचे आढावे देणाऱ्या कॉक्रेन लायब्ररीतील सारांश आणि सोप्या भाषेतील गोषवारे पैसे न भरता वाचता येतात, आणि वैद्यकीय पुरावे शोधून देणाऱ्या ट्रिप डेटाबेसची विनामूल्य आवृत्ती शिकण्यासाठी पुरेशी आहे. ‘संपूर्ण लेख मिळवून देतो’ असे सांगून पैसे मागणारी संकेतस्थळे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी ओळखायला शिकवावीत.

कागदपत्रे दोनच लागतात, पण ती आधी लागतात. पहिले म्हणजे रुग्णालयाच्या अधिसेविकांना (मेट्रनना) प्राचार्यांच्या सहीने दिलेले पत्र. त्यात विद्यार्थिनी वॉर्डातील कार्यपद्धतींविषयी प्रश्न नोंदवणार आहेत आणि रुग्णाची ओळख पटेल अशी कोणतीही माहिती लिहिणार नाहीत, हे स्पष्ट असावे. दुसरे म्हणजे विद्यार्थिनींनी सही केलेले गोपनीयतेचे हमीपत्र. मी पहिल्या वर्षी पत्र दिले नव्हते. त्यामुळे एका परिसेविकांना (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरना) मुली वॉर्डातील चुका टिपत आहेत असे वाटले आणि तो गैरसमज दूर व्हायला तीन आठवडे गेले. त्यांची शंका रास्त होती.

पायरी १ : प्रश्न वॉर्डातच वेचा, आणि तो मराठीत लिहू द्या

ज्या क्षणी विद्यार्थिनीच्या मनात ‘असे का?’ किंवा ‘असे केले तर?’ येते, त्या क्षणी तिने एक ओळ लिहावी. ती ओळ मराठीत असावी, बोलीत असली तरी चालेल. आपल्या अनेक विद्यार्थिनी मराठी माध्यमातून शिकून आलेल्या असतात. त्यांना प्रश्न थेट इंग्रजीत लिहायला लावला, की ज्याचे इंग्रजी त्यांना येते तोच प्रश्न त्या विचारतात, आणि तो पुस्तकातला असतो. ‘मधुमेह म्हणजे काय’ हा प्रश्न माझ्या वर्गात असाच जन्मला होता.

एका आठवड्याच्या पोस्टिंगमध्ये प्रत्येकीकडून तीन ओळी अपेक्षित ठेवा, दहा नकोत. दहा मागितल्या की सात ओळी आदल्या रात्री वसतिगृहात बसून लिहिल्या जातात. ओळीशेजारी रुग्णाचे नाव, खाट क्रमांक किंवा गाव लिहायचे नाही; ‘साठीच्या पुढची स्त्री, शिरा बारीक, प्रतिजैविके चालू’ एवढे वर्णन पुरे. जखमेचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकणे ही नेहमी दिसणारी आणि गंभीर चूक आहे. चेहरा दिसत नसला तरी हातावरचे गोंदण, मनगटावरची पट्टी किंवा मागचा केसपेपर ओळख उघड करतो. एकदा व्हॉट्सॲपवर गेलेला फोटो परत आणता येत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या शिक्षकांनी कटाक्षाने पाळावी. विद्यार्थिनीने वॉर्डात प्रश्न विचारला आणि आपल्याला उत्तर माहीत असले, तरी लगेच देऊ नये. “वहीत लिही, बुधवारी पाहू” असे म्हणावे. रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मात्र उत्तर तिथेच द्यावे.

पायरी २ : पुस्तकाचे प्रश्न आणि निर्णयाचे प्रश्न वेगळे करा

आठवड्याअखेर सर्व वह्या घेऊन अर्धा तास बसा आणि प्रश्नांचे दोन ढीग करा. ‘फ्लेबायटिस (शिरेचा दाह) कशाने होतो?’, ‘इन्सुलिन कुठे साठवायचे?’ हे पार्श्वभूमीचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात किंवा रुग्णालयाच्या कार्यपुस्तिकेत मिळतात आणि ती तिथेच शोधायला सांगावीत. ‘हात चांगला असताना कॅन्युला (म्हणजेच इंट्राकॅथ) तिसऱ्या दिवशी बदलायची की त्रास दिसेपर्यंत ठेवायची?’ हा निर्णयाचा प्रश्न आहे, कारण इथे दोन वाटा आहेत आणि कोणती निवडली यावरून रुग्णाला फरक पडतो. ऑनलाइन डेटाबेस या दुसऱ्या ढिगासाठी आहेत.

पहिला ढीग कमी दर्जाचा आहे असे विद्यार्थिनींना वाटू देऊ नका. पहिल्या वर्षाच्या मुलीच्या वहीत तोच ढीग मोठा असणार. पार्श्वभूमी पक्की झाल्याशिवाय तुलना सुचत नाही.

पायरी ३ : प्रश्न ‘चार क’ मध्ये बसवा

रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नेमक्या क्लिनिकल प्रश्नाचे चार भाग मांडले. ते आज जगभर पिको या नावाने शिकवले जातात : रुग्ण किंवा समस्या, उपाय, तुलना आणि परिणाम. मी ही इंग्रजी आद्याक्षरे फळ्यावर लिहिली तेव्हा मुलींनी ती पाठ केली, आणि परीक्षेत बरोबर लिहूनही वॉर्डात वापरली नाहीत. नंतर मी तेच मराठी प्रश्नार्थकांत सांगायला लागले : कोणाला? काय? कशाऐवजी? कशासाठी? चारही शब्दांचे पहिले अक्षर ‘क’ असल्याने मुली त्याला ‘चार क’ म्हणू लागल्या. काळाची मर्यादा महत्त्वाची असेल तेव्हा ‘कधीपर्यंत?’ हा पाचवा क जोडायचा.

आजींचा प्रश्न या चौकटीत बसवताना वर्गात जे घडले ते सविस्तर सांगते, कारण शिकवण्याचे खरे काम इथेच आहे. कोणाला? मुलींनी लिहिले, ‘आजींना’. मी विचारले, हाच प्रश्न शेजारच्या खाटेवरील तरुण मुलीला किंवा बालरोग वॉर्डातील सहा महिन्यांच्या बाळाला लागू होईल का? बाळाबद्दल दुमत झाले, म्हणून ‘रुग्णालयात दाखल असलेले प्रौढ, ज्यांच्या हातावर कॅन्युला आहे’ असे ठरले. काय? ‘त्रास दिसल्यावरच कॅन्युला बदलणे’. कशाऐवजी? ‘ठरलेल्या दिवशी, म्हणजे ७२ ते ९६ तासांनी बदलणे’. इथपर्यंत सोपे होते.

कशासाठी? या प्रश्नावर बहुतेकींनी ‘हात सुजू नये म्हणून’ असे लिहिले, आणि तिथे थांबावे लागले. हात सुजणे म्हणजे नेमके काय? द्रव शिरेबाहेर ऊतींत झिरपला असेल तर सूज येते आणि ती जागा सहसा थंड व फिकट लागते, ते इन्फिल्ट्रेशन. शिरेचाच दाह असेल तर लाली, उष्णता, वेदना आणि कधी बोटाला दोरीसारखी लागणारी कडक शीर आढळते, तो फ्लेबायटिस. मराठीत दोन्हींना आपण ‘हात सुजला’ म्हणतो. मुलींना परत वॉर्डात पाठवून, परिसेविकांच्या परवानगीने, पाच रुग्णांचे हात बघायला आणि ० ते ५ अंकांच्या व्हिज्युअल इन्फ्यूजन फ्लेबायटिस स्कोअरवर नोंदवायला सांगितले. परत आल्यावर त्यांनी कशासाठी या रकान्यात एकाऐवजी तीन परिणाम लिहिले : फ्लेबायटिस, रक्तातील जंतुसंसर्ग आणि रुग्णाला बसणाऱ्या टोचण्यांची संख्या. तिसरा परिणाम जतच्या त्या मुलीने लिहिला. तो कोणत्याही पुस्तकातून आलेला नव्हता, तिने आजींचा हात धरून ठेवला होता म्हणून आला होता.

‘चांगली काळजी’, ‘फायदा’, ‘प्रभावी’ असे शब्द या रकान्यात स्वीकारू नका. मोजता येईल किंवा डोळ्यांनी दिसेल असे काहीतरी लिहून घ्या.

सर्वच प्रश्न या साच्यात बसत नाहीत आणि ते बळेच बसवू नयेत. साखर कारखान्यांच्या हंगामात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ऊसतोडीसाठी कुटुंबे येतात. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये एका विद्यार्थिनीने लिहिले, “टोळीतल्या गरोदर बायका तपासणीला का येत नाहीत?” इथे उपाय नाही, तुलना नाही, हा अनुभव समजून घेण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी ‘कोण, कशाबद्दल, कोणत्या परिस्थितीत’ एवढे तीन रकाने पुरतात, आणि उत्तर आकडेवारीच्या चाचण्यांत नव्हे तर मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक अभ्यासांत शोधायचे असते. प्रश्नाचा प्रकार ओळखला की कोणता अभ्यास शोधायचा ते आपोआप ठरते : उपायाचा प्रश्न असेल तर यादृच्छिक चाचण्या (रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेल्या) आणि त्यांचे पद्धतशीर आढावे (अशा सर्व चाचण्या एकत्र तपासणारे निबंध), पुढे काय होईल असा प्रश्न असेल तर रुग्णांचा काळानुसार मागोवा घेणारे अभ्यास.

पायरी ४ : वॉर्डाच्या शब्दांपासून डेटाबेसच्या शब्दांपर्यंत पूल बांधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग “पबमेडवर काही मिळत नाही” अशी तक्रार येते. ज्या वस्तूला आपण वॉर्डात इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन म्हणतो, नातेवाईक ‘सलाईनची सुई’ म्हणतात, तिला शोधनिबंधांत पेरिफेरल इंट्राव्हेनस कॅथेटर किंवा पेरिफेरल व्हेनस कॅन्युला म्हणतात. व्यापारी नाव टाकले तर फार थोडे हाती लागते.

फळ्यावर तीन स्तंभ करा : मुलीने वापरलेला मराठी शब्द, वॉर्डात चालणारा शब्द, आणि वैद्यकीय संज्ञा तिच्या समानार्थी शब्दांसह. हा तक्ता गटाच्या शीटमध्ये कायम ठेवा. धाप लागणे, अंगावरून पांढरे जाणे, कावीळ असे शब्द यंत्रभाषांतरात टाकले की कधी शब्दशः, कधी चुकीचे रूप मिळते. कावीळ हे लक्षण आहे की यकृताचा दाह, हे यंत्राला आपल्या वाक्यावरून कळत नाही, म्हणून ते ठरवण्याचे काम मुलीनेच पाठ्यपुस्तक उघडून करायचे.

संज्ञा पडताळण्यासाठी पबमेडचा मेश हा शब्दकोश वापरावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने प्रत्येक विषयाला एक ठरावीक शीर्षक दिलेले असते आणि समानार्थी शब्द त्याखाली नोंदवलेले असतात. बेडसोअर टाकून पाहिले, की तो प्रेशर अल्सर या शीर्षकाखाली सापडतो आणि डेक्युबिटस अल्सरही तिथेच दिसतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की शब्द बदलून पाहण्याची सवय लागते.

चॅटबॉटचा उपयोग मी या एकाच ठिकाणी करू देते : एखाद्या संज्ञेचे पर्यायी शब्द सुचवायला. सुचवलेला प्रत्येक शब्द मेशमध्ये पडताळायचा. चॅटबॉटने दिलेले संदर्भ वापरायचे नाहीत, कारण अस्तित्वात नसलेल्या निबंधांची नावे, लेखकांसह आणि वर्षासह, अगदी खऱ्यासारखी तयार होऊन येतात. कोणी असा संदर्भ आणलाच तर त्याचा पीएमआयडी, म्हणजे पबमेडने प्रत्येक निबंधाला दिलेला क्रमांक, पबमेडमध्ये टाकायला लावा. क्रमांकाखाली भलताच निबंध निघाला, की पुढे वेगळे समजावावे लागत नाही. रुग्णाची हकिकत मात्र कोणत्याही चॅटबॉटला द्यायची नाही.

पायरी ५ : शोध घ्या, पण दोन रकान्यांपासून सुरुवात करा

संपूर्ण प्रश्न वाक्य म्हणून पबमेडमध्ये चिकटवणे ही पहिली चूक. यंत्र सगळे शब्द एकाच वेळी असलेले निबंध शोधते आणि पडदा रिकामा येतो. दुसरी चूक चारही रकाने एकदम टाकण्याची. ‘कोणाला’ आणि ‘काय’ या दोन रकान्यांनी सुरुवात करावी, निकाल हजारोंनी आले तरच ‘कशासाठी’ जोडावे. पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, त्यामुळे पहिल्या खेपेला मोठा आकडा आला तर घाबरण्याचे कारण नाही.

एका रकान्यातील समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवायचे आणि रकाने एकमेकांना ‘अँड’ने जोडायचे, हा नियम. हे दोन्ही शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाइप करावे लागतात. आमच्या प्रश्नासाठी शोधवाक्य असे झाले : (पेरिफेरल कॅथेटर ऑर पेरिफेरल कॅन्युला) अँड (रूटीन रिप्लेसमेंट ऑर क्लिनिकली इंडिकेटेड). अर्थात हे सर्व शब्द इंग्रजी लिपीत टाकायचे. ‘नॉट’ हा जोडशब्द नवख्यांना शिकवू नये. नको असलेल्याबरोबर हवे असलेलेही त्याने निघून जाते.

मग डावीकडील गाळणीतून (फिल्टरमधून) पद्धतशीर आढावा हा पर्याय निवडावा, आणि तो न मिळाल्यास यादृच्छिक चाचणी. इथे दोन सापळे आहेत. एक म्हणजे, लावलेली गाळणी पुढच्या शोधालाही लागू राहते. मागच्या मुलीने ‘गेले एक वर्ष’ निवडून ठेवले असेल तर पुढच्या मुलीला काहीच दिसत नाही आणि ती विषयावर संशोधनच झाले नाही असे लिहून टाकते. प्रत्येक नव्या प्रश्नाआधी गाळण्या पुसायच्या, हे संगणक कक्षाच्या भिंतीवर लिहून लावा. दुसरा सापळा ‘विनामूल्य संपूर्ण लेख’ या गाळणीचा. ती लावली की पैसे देऊन वाचावे लागणारे, कदाचित सर्वांत महत्त्वाचे, निबंध नजरेआड होतात. आधी सर्व सारांश वाचावेत, मग हवा तो लेख ग्रंथपालांकडे मागावा.

ज्यांना कंस आणि जोडशब्द जड जातात त्यांच्यासाठी ट्रिप डेटाबेसमध्ये पिकोच्या चार चौकटी आयत्या मिळतात, आणि पबमेडचा क्लिनिकल क्वेरीज हा विभाग उपचार, निदान किंवा भाकीत असा प्रश्नाचा प्रकार निवडू देतो. नेटवर्क कमी असलेल्या गावांतून ये-जा करणाऱ्या मुलींना मी शोध महाविद्यालयातच घ्यायला सांगते. निवडलेले निबंध एनसीबीआय खात्यात जतन करून ठेवता येतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येते.

पायरी ६ : हाती आलेले वाचायला लावा

सारांशातून चारच गोष्टी वहीत उतरवायला सांगाव्यात : रुग्ण कोण होते, किती होते, कोणती तुलना केली, आणि आपण ठरवलेल्या परिणामाचे काय झाले. म्हणजे पुन्हा तेच चार क, फक्त या वेळी उत्तराच्या बाजूने.

आमच्या प्रश्नाला प्रथम ऑस्ट्रेलियातील तीन रुग्णालयांत झालेली आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सापडली. तिच्यात ३,२८३ प्रौढ रुग्ण होते आणि ठरावीक दिवशी बदललेल्या तसेच त्रास दिसल्यावर बदललेल्या, अशा दोन्ही गटांत फ्लेबायटिसचे प्रमाण सुमारे ७ टक्केच होते. त्यानंतर कॉक्रेनचा २०१९ चा आढावा मिळाला : नऊ चाचण्या, ७,४१२ रुग्ण, आणि फ्लेबायटिसच्या बाबतीत दोन पद्धतींत स्पष्ट फरक नाही. वर्गात आनंद झाला. जतच्या मुलीने लगेच निष्कर्ष लिहिला की आजींना विनाकारण टोचले.

मी त्यांना आणखी एक शोध घ्यायला लावला, या वेळी परिणामाच्या रकान्यात रक्तातील जंतुसंसर्ग टाकून. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला जिनिव्हातील एक अभ्यास समोर आला. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयांनी ठरावीक दिवशी बदलण्याची पद्धत सोडल्यावर चार लाखांहून अधिक कॅन्युलांच्या नोंदींत रक्तातील जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि जुनी पद्धत पुन्हा सुरू केल्यावर ते खाली आले. वर्ग शांत झाला. मग खरी चर्चा सुरू झाली. रक्तातील जंतुसंसर्ग क्वचित होतो, म्हणून काही हजार रुग्णांच्या चाचणीत त्याचा फरक सहज दिसत नाही. जिनिव्हाचा अभ्यास मोठा आहे, पण तो यादृच्छिक चाचणी नाही, म्हणून वाढीमागे दुसरे कारणही असू शकते. आणि ‘त्रास दिसल्यावर काढा’ ही पद्धत प्रत्येक पाळीत कोणीतरी हात नीट पाहतो, नोंदवतो आणि गरज संपताच कॅन्युला काढतो, या गृहीतावर उभी आहे. एका पाळीत एका अधिपरिचारिकेकडे किती रुग्ण असतात हे मुलींनी स्वतः पाहिलेले होते, त्यामुळे हे गृहीत आपल्या वॉर्डात कितपत टिकेल यावर त्या माझ्यापेक्षा नेमके बोलल्या.

नव्या शिक्षकांना माझा आग्रह आहे की पहिल्या सत्रासाठी असाच, एकमताने न सुटलेला प्रश्न निवडावा. सरळ उत्तर असलेला प्रश्न दिला की मुली पहिला निबंध सापडताच थांबतात आणि थांबण्याचीच सवय लागते.

निबंध पबमेडमध्ये आहे म्हणजे तो चांगलाच आहे असे नाही, हेही इथेच सांगावे.

पायरी ७ : उत्तर वॉर्डात परत न्या, पण स्वतःहून काही बदलू नका

विद्यार्थिनीने सापडलेल्या पुराव्यावर विसंबून रुग्णाच्या काळजीत स्वतः बदल करायचा नाही. हा नियम लेखी द्या आणि दर सत्रात वाचून दाखवा. सापडलेले उत्तर अर्ध्या पानावर, मराठीत लिहून, शिक्षकासोबत परिसेविकांना दाखवायचे. सुरुवात “तुमचे चुकते आहे” अशी होऊ नये; “सिस्टर, आम्हाला हे वाचायला मिळाले, आपल्या वॉर्डात कसे करतात ते समजून घ्यायचे आहे” अशी व्हावी. वीस वर्षे वॉर्ड चालवणाऱ्या व्यक्तीला असे पुष्कळ माहीत असते जे निबंधात नसते.

अभ्यासातील रुग्ण आणि परिस्थिती आपल्यासारखी आहे का, हा प्रश्न इथे विचारायचा. बेडसोअरचे उदाहरण माझ्या वर्गात उपयोगी पडते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमेरिका आणि कॅनडातील २७ नर्सिंग होममधील ९४२ वृद्धांची कूस दर दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली गेली आणि तिन्ही गटांत प्रेशर अल्सरच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. घाईने वाचणारी मुलगी म्हणते, चार तासांनी बदलले तरी चालते. पण ते सर्वजण उच्च घनतेच्या फोमच्या गादीवर होते. आपल्या वॉर्डातील रेक्झिनची, मध्ये खोलगट झालेली गादी हाताने दाबून पाहायला सांगा.

आमच्या कॅन्युलाच्या प्रश्नाचा शेवट बदलाने झाला नाही. परिसेविकांनी दिवसांचा नियम तसाच ठेवला, मात्र पाळी बदलताना देण्याच्या नोंदीत कॅन्युलाच्या जागेचा स्कोअर आणि ‘आज गरज आहे का?’ असा एक रकाना विद्यार्थिनींना भरू दिला.

पायरी ८ : गुण प्रश्नाला द्या

दहा गुणांपैकी मी चार गुण मूळ प्रश्न आणि त्याच्या चार क ना देते, दोन शब्दांच्या तक्त्याला, दोन शोधाच्या नोंदीला आणि दोनच उत्तराला. शोधाच्या नोंदीत तारीख, वापरलेले शब्द, लावलेल्या गाळण्या आणि किती निकाल आले हे असले पाहिजे, म्हणजे दुसरीला तोच शोध पुन्हा घेता येईल. उत्तर न सापडलेल्या प्रश्नालाही पूर्ण गुण मिळू शकतात. ते प्रश्न शीटमध्ये वेगळ्या पानावर ठेवावेत. चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला विषय सुचत नाही तेव्हा ते पान उघडता येते.

सत्र संपताना वह्या गोळा करा, कुठे चुकून नाव किंवा खाट क्रमांक राहिला असेल तर तो काळ्या पेनाने पूर्ण झाका, आणि पुढच्या तुकडीला त्या वॉर्डात जाण्याच्या आदल्या दिवशी वाचायला द्या.